देणी वेळेवर भागतील काय? : चालू गुणोत्तराचा अर्थ आणि मर्यादा

एखाद्या कंपनीचा अथवा कारखान्याचा वार्षिक अहवाल हाती आला की बहुतेक वाचकांची दृष्टी प्रथम नफ्याच्या आकड्यावर स्थिरावते. नफा झाला म्हणजे संस्था सुस्थितीत आहे आणि तोटा झाला म्हणजे ती संकटात आहे, असा सर्वसाधारण समज असतो. हा समज सर्वस्वी चुकीचा नसला तरी अपुरा आहे. नफा हा वर्षभराच्या व्यवहाराचा हिशेब असतो. कामगारांचा पगार, पुरवठादारांची बिले आणि बँकेचे हप्ते मात्र ठरलेल्या तारखेला रोख रकमेने भागवावे लागतात. विकलेल्या मालाचे पैसे वसूल झाले नसले तरी नफा जमाखर्चात दिसतो. त्यामुळे कागदोपत्री नफ्यात असलेल्या कारखान्याकडे पगाराच्या दिवशी पैसे नाहीत, ही वरवर विसंगत वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात वारंवार घडते.

येत्या वर्षभरात द्यावयाची देणी कंपनी भागवू शकेल काय, याचा प्राथमिक अंदाज ज्या आकड्यावरून बांधता येतो, त्यास लेखाशास्त्रात 'चालू गुणोत्तर' असे नाव आहे. हा विषय केवळ बँक अधिकारी व सनदी लेखापाल यांच्यापुरता आहे असे मानण्याचे कारण नाही. कारखान्यास ऊस घालणारा शेतकरी, बारदाना पुरविणारा व्यापारी आणि टनामागे मोबदला घेणारा तोडणी कामगार हे सर्व त्या कारखान्याचे धनकोच असतात. इतकेच काय, कारखान्याच्या इमारतींवरील कर थकला असेल तर ज्या गावात तो उभा आहे तेथील ग्रामपंचायतही त्याच रांगेत उभी असते. गुणोत्तराचा अर्थ कळला तर अशा धनकोंना आपले पैसे कोठे आणि का अडकले आहेत, हे ताळेबंदावरून स्वतः पाहता येईल. प्रस्तुत लेखात उदाहरणासाठी मुख्यतः साखर उद्योग घेतला आहे. महाराष्ट्रातील वाचकांस तो परिचित आहे, हे एक कारण. परंतु चालू गुणोत्तराची उपयुक्तता आणि त्याची फसवेगिरी या दोन्ही बाजू त्या उद्योगात जितक्या ठळकपणे दिसतात तितक्या अन्यत्र क्वचितच दिसतात, हे अधिक महत्त्वाचे कारण होय.

चालू मालमत्ता आणि चालू देयता

ताळेबंद म्हणजे एका विशिष्ट दिवशी संस्थेजवळ काय आहे आणि ती कोणाला किती देणे लागते, याचे पत्रक. यातील मालमत्तेचे दोन भाग पडतात. जमीन, इमारती, गिरणी, बॉयलर, आसवनी ही स्थिर मालमत्ता होय. ती विकून देणी भागविण्याची वेळ आली तर तो धंद्याचा शेवटच समजावा. याउलट रोख शिल्लक, बँकेतील ठेवी, विक्रीसाठी तयार असलेला माल, कच्चा माल, ग्राहकांकडून येणे असलेल्या रकमा, दिलेल्या उचली यांचे स्वरूप सतत बदलत असते. रोख रकमेचा कच्चा माल होतो, कच्च्या मालाचा पक्का माल होतो, पक्क्या मालाची उधारी होते आणि उधारी वसूल झाली की पुन्हा रोख रक्कम हाती येते. हे चक्र ज्या मुदतीत पूर्ण होते त्या मुदतीत, किंवा अशी मुदत निश्चित सांगता येत नसेल तेव्हा बारा महिन्यांत, ज्या मालमत्तेचे रोखीत रूपांतर व्हावयाचे असते ती चालू मालमत्ता. त्याच मुदतीत जी देणी फेडावयाची असतात त्या चालू देयता. पुरवठादारांची देणी, मालतारण कर्ज व कॅश क्रेडिट, थकलेले कर आणि वेतन यांचा समावेश त्यांत होतो. दीर्घ मुदतीच्या कर्जाचा जो हप्ता येत्या वर्षात द्यावयाचा असेल तोही चालू देयतांतच धरावा लागतो. ही शेवटची बाब अनेकदा नजरेतून सुटते, म्हणून तिचा येथे मुद्दाम उल्लेख केला आहे.

चालू मालमत्तेच्या रकमेस चालू देयतांच्या रकमेने भागले असता जो आकडा येतो तेच चालू गुणोत्तर. मालमत्ता १५ कोटी आणि देयता १० कोटी असतील तर गुणोत्तर दीड झाले. एक रुपयाच्या देण्यामागे दीड रुपयाची मालमत्ता आहे, असा त्याचा सरळ अर्थ. मालमत्तेतून देयता वजा केल्या असता उरणारी ५ कोटींची रक्कम म्हणजे निव्वळ खेळते भांडवल. गुणोत्तर एकापेक्षा कमी असेल तर खेळते भांडवल उणे आहे, म्हणजे कमी मुदतीच्या पैशातून दीर्घ मुदतीची मालमत्ता उभारली गेली आहे, अथवा पूर्वीचे तोटे उसनवारीवर निभावले गेले आहेत, असा तर्क करण्यास जागा राहते.

हा प्रमाणांक कोठून आला?

गुणोत्तर दोनास एक असावे, असे पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते. हा नियम अमेरिकेतील बँकांच्या व्यवहारातून आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील बँका कर्ज मागणाऱ्याकडून ताळेबंद मागू लागल्या आणि त्यातील आकडे ताडून पाहण्याची रीत पडली. नियमामागील तर्क साधा आहे. धंदा मोडीत निघाला आणि चालू मालमत्ता निम्म्या किमतीस विकावी लागली तरी धनकोंचे पैसे पूर्ण भागावेत. मात्र हा नियम सर्व उद्योगांस सरसकट लावता येत नाही, हेही लवकरच दिसून आले. १९१९ साली अलेक्झांडर वॉल यांनी ९८१ व्यवसायसंस्थांच्या ताळेबंदांवरून निरनिराळी गुणोत्तरे काढून त्यांचा अभ्यास 'फेडरल रिझर्व्ह बुलेटिन'मध्ये प्रसिद्ध केला. उद्योगपरत्वे आणि प्रदेशपरत्वे ही गुणोत्तरे बरीच भिन्न असतात, असे त्यांना आढळले. शंभर वर्षे उलटून गेली तरी 'दोनास एक' हे सूत्र मात्र वर्गातून आणि परीक्षेतून हललेले नाही.

भारतात या प्रश्नाचा पद्धतशीर विचार टंडन समितीने केला. भारतीय रिझर्व्ह बँकेने १९७४ साली श्री. प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली हा अभ्यासगट नेमला आणि १९७५ मध्ये त्याने आपला अहवाल सादर केला. उद्योगांनी खेळत्या भांडवलासाठी सर्वस्वी बँकेवर विसंबून राहू नये, काही वाटा स्वतःचा घालावा, हे त्यातील मुख्य सूत्र होते. समितीने सुचविलेल्या दुसऱ्या पद्धतीनुसार एकूण चालू मालमत्तेपैकी किमान २५ टक्के रक्कम कर्जदाराने दीर्घ मुदतीच्या निधीतून उभारावयाची होती. म्हणजे मालमत्ता १०० असेल तर चालू देयता ७५ हून अधिक नसाव्यात. १०० ला ७५ ने भागले की १.३३ येतात. भारतीय बँकांत आजही ज्या १.३३ या आकड्याचा उल्लेख होतो, त्याचे मूळ हे. १९९७ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही पद्धत बँकांवर बंधनकारक राहणार नाही असे ठरविले आणि खेळत्या भांडवलाची गरज आपापल्या पद्धतीने ठरविण्याची मोकळीक त्यांना दिली. तरीही १.३३ चा आकडा कर्जप्रस्तावांतून नाहीसा झालेला नाही. लहान उद्योगांसाठी १९९१ साली नेमलेल्या नायक समितीने याहून सोपी रीत सुचविली. अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के इतकी खेळत्या भांडवलाची गरज धरावी. त्यातील २० टक्के बँकेने आणि ५ टक्के उद्योजकाने द्यावेत. या रीतीने गुणोत्तर १.२५ च्या आसपास पडते.

एका कारखान्याचा ताळेबंद

आता एक साखर कारखाना कल्पून त्याचा ताळेबंद पाहू. पुढील आकडे कोणत्याही प्रत्यक्ष कारखान्याचे नाहीत. मात्र त्यांची परस्पर प्रमाणे या उद्योगात आढळणारी आहेत. दररोज ५ हजार टन गाळप आणि १५० दिवसांचा हंगाम धरला तर साडेसात लाख टन उसाचे गाळप झाले. उतारा ११ टक्के मानल्यास ८ लाख २५ हजार क्विंटल साखर तयार झाली. त्यापैकी ६ लाख क्विंटल साखर ३१ मार्च रोजी गोदामात आहे आणि तिचे मूल्यांकन क्विंटलला ३,३०० रुपये दराने केले आहे, असे समजू. त्या दिवशीची स्थिती कोटी रुपयांत अशी आहे :

चालू मालमत्ता : साखरसाठा १९८, मळी, बगॅस व भांडार साहित्य १२, वीज विक्रीचे येणे १५, शासनाकडून येणे अनुदान १०, तोडणी-वाहतुकीसाठी दिलेल्या उचली २०, रोख व बँक शिल्लक ५. एकूण २६०.

चालू देयता : साखर तारण कर्ज १५०, ऊस उत्पादकांचे देणे ४०, बारदाना व भांडार पुरवठादार १२, तोडणी-वाहतूक बिले ८, मुदत कर्जाचे वर्षभरात देय हप्ते २२, वेतन, कर व इतर देणी ८. एकूण २४०.

२६० ला २४० ने भागले की १.०८ येतात. १.३३ च्या मानाने हे गुणोत्तर कमी असले तरी एकापेक्षा अधिक आहे. 'देण्यापेक्षा येणे वीस कोटींनी जास्त आहे, चिंतेचे कारण नाही,' असे सर्वसाधारण सभेत सहज सांगता येईल आणि त्यात असत्य असे काहीही नसेल. परंतु हिशेब येथे थांबत नाही.

उसाचे देणे आणि साखरेची विक्री यांचे वेळापत्रक निराळे आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वये ऊस कारखान्यास मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत त्याची किंमत देण्याचे बंधन कारखान्यावर घालण्यात आले असून, विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज देण्याची तरतूद आहे. साखर मात्र १४ दिवसांत विकली जात नाही. पाच महिन्यांत तयार झालेली साखर देश बारा महिने खात असतो. शिवाय कोणत्या महिन्यात किती साखर विकावयाची हे कारखान्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. विक्रीचे कोटे ठरवून देण्याची जुनी पद्धत केंद्र शासनाने एप्रिल २०१३ मध्ये रद्द केली होती; जून २०१८ मध्ये प्रत्येक कारखान्यास मासिक कोटा देण्याची पद्धत पुन्हा सुरू झाली.

आपल्या कारखान्यास दरमहा ५० हजार क्विंटलचा कोटा मिळतो असे धरू. महिन्याची विक्री साडेसोळा कोटींची झाली. पण गोदामातील साखर बँकेकडे तारण आहे. ६ लाख क्विंटलवर १५० कोटी कर्ज, म्हणजे क्विंटलमागे २,५०० रुपये. तेवढी रक्कम बँकेकडे भरल्याशिवाय पोते गोदामाबाहेर पडत नाही. ३,३०० मधून २,५०० वजा जाता कारखान्याच्या हाती क्विंटलमागे ८०० रुपये, म्हणजे महिन्यास ४ कोटी राहतात. यातून कामगारांचे वेतन, बारदान्याची बिले आणि मुदत कर्जाचे हप्ते बाजूला ठेवले, सर्वच्या सर्व ४ कोटी दरमहा ऊस उत्पादकांना दिले असे मानले, तरी त्यांचे ४० कोटी भागण्यास दहा महिने लागतील! कायद्याची मुदत १४ दिवसांची आणि प्रत्यक्ष क्षमता दहा महिन्यांची. गुणोत्तर मात्र १.०८ दाखवीत आहे. या ४० कोटींवर १५ टक्के दराने व्याज आकारले तर प्रारंभी महिन्यास ५० लाख रुपये होतात. ते देणे ताळेबंदात दाखविले आहे किंवा नाही, हा आणखी एक प्रश्न.

यावरून चालू गुणोत्तर निरुपयोगी आहे असे समजू नये. गुणोत्तराने दिलेले उत्तर बरोबरच आहे. आपण त्याला प्रश्न चुकीचा विचारला. वर्षभरात येणारे आणि वर्षभरात जाणारे यांची बेरीज ते सांगते. कोणते आधी येईल आणि कोणते आधी जाईल, हे ते सांगत नाही. म्हणूनच जाणकार विश्लेषक चालू मालमत्तेतून मालसाठा आणि आगाऊ दिलेल्या रकमा वगळून दुसरे एक गुणोत्तर काढतात. त्यास शीघ्र गुणोत्तर म्हणतात. आपल्या उदाहरणात वीज विक्रीचे १५, अनुदानाचे १० आणि रोख ५ असे ३० कोटीच उरतात. २४० कोटींच्या देण्यापुढे हे प्रमाण रुपयामागे साडेबारा पैसे इतके पडते. त्यातही शासनाकडून येणे असलेले अनुदान केव्हा हाती पडेल हे कारखाना सांगू शकत नाही. २०१९-२० च्या हंगामात साखर निर्यातीसाठी टनामागे १०,४४८ रुपये साहाय्य जाहीर झाले होते. साखर बोटीवर चढते एके दिवशी, आणि साहाय्याची रक्कम कागदपत्रांची छाननी होऊन येते पुष्कळ नंतर. दरम्यानच्या काळात ती रक्कम 'येणे' म्हणून चालू मालमत्तेत बसलेली असते.

मालमत्तेच्या किमतीचा प्रश्न

अंशस्थानी मांडलेली रक्कम कितपत खरी आहे, हे पाहणे तितकेच अगत्याचे आहे. लेखामानकांनुसार मालसाठ्याचे मूल्यांकन उत्पादन खर्च किंवा विक्रीतून मिळू शकणारी निव्वळ रक्कम, यांपैकी जी कमी असेल तिने करावयाचे असते. साखरेचे भाव उतरत असतील तर हा नियम कसोटीचा ठरतो. भाव फारच कोसळू नयेत म्हणून केंद्र शासनाने जून २०१८ मध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोस २९ रुपये ठरविला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ रुपये केला. आपल्या कारखान्याच्या साखरेस ३,३०० ऐवजी ३,१०० रुपयेच मिळणार असतील तर साठ्याची किंमत १९८ वरून १८६ कोटींवर येते. एकूण चालू मालमत्ता २४८ कोटी होते आणि गुणोत्तर १.०३ पर्यंत घसरते.

यापुढची बाब उचलींची. हंगामापूर्वी मुकादमास आणि वाहतूकदारास उचल द्यावयाची आणि हंगामात बिलांतून ती कापून घ्यावयाची, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. टोळी आलीच नाही किंवा अर्ध्या हंगामात निघून गेली तर ती उचल बुडते. तिची वसुली न्यायालयात अडकते आणि ताळेबंदात मात्र 'वसुलीयोग्य' म्हणून वर्षानुवर्षे पुढे ओढली जाते. वरील २० कोटींपैकी ८ कोटी अशा स्वरूपाचे निघाले तर मालमत्ता २४० कोटींवर येईल आणि गुणोत्तर बरोबर एक होईल. भावातील २०० रुपयांची घट आणि काही बुडीत उचली, एवढ्यावरच वीस कोटींचे आधिक्य संपले.

अंशाप्रमाणे छेदही बदलता येतो. मुदत कर्जाचे २२ कोटींचे हप्ते चालू देयतांत न दाखविता दीर्घ मुदतीच्या कर्जातच ठेवले तर छेद २१८ होतो आणि मूळ १.०८ चे गुणोत्तर १.१९ दिसू लागते. कर्ज तेच, हप्त्याची तारीखही तीच. केवळ जागा बदलली. उसाच्या थकीत देण्यासाठी शासनाच्या व्याज साहाय्याने मुदत कर्ज देण्याच्या योजना २०१४ साली व त्यानंतरही राबविल्या गेल्या. शेतकऱ्यांस पैसे मिळाले ही गोष्ट निःसंशय चांगली झाली. पण ताळेबंदाच्या दृष्टीने पाहिले तर चालू देणे जाऊन त्याजागी काही वर्षांच्या मुदतीचे कर्ज येते, चालू गुणोत्तर सुधारते, आणि कारखान्याचे एकूण कर्ज मात्र तेवढेच राहते. अशा वर्षीची सुधारणा ही कारभाराची सुधारणा आहे असे सांगितले गेले, तर सभासदांनी तिची खातरजमा करून घेणे उचित ठरेल.

अंकगणिताचा आणखी एक विशेष येथे सांगावयास हवा; शिक्षकांना वर्गात तो फळ्यावर करून दाखविता येईल. चालू मालमत्ता १२ कोटी आणि देयता ८ कोटी असतील तर गुणोत्तर दीड आहे. ३० मार्च रोजी कंपनीने बँकेतील ४ कोटी काढून पुरवठादारांचे तेवढेच देणे फेडले. आता मालमत्ता ८ आणि देयता ४. गुणोत्तर दोन झाले. खेळते भांडवल आधीही ४ कोटी होते, नंतरही ४ कोटीच आहे. गुणोत्तर एकापेक्षा अधिक असताना दोन्ही बाजूंतून सारखी रक्कम वजा केली की ते वाढते आणि सारखी रक्कम मिळविली की ते एकाकडे झुकते. गुणोत्तर एकापेक्षा कमी असेल तर परिणाम नेमका उलट होतो. ताळेबंद हे एका दिवसाचे छायाचित्र असल्याने त्या दिवसापुरते नीटनेटके होऊन बसणे फारसे अवघड नसते. साखर कारखान्याच्या बाबतीत तर ३१ मार्च आणि ३० सप्टेंबर या दोन तारखांची छायाचित्रे एकाच कारखान्याची वाटू नयेत इतकी वेगळी असतात. मार्चअखेर गोदाम भरलेले आणि तारण कर्ज शिखरावर. सप्टेंबरअखेर दोन्ही ओसरलेली.

बेरीज बरोबर, रक्कम खोटी

आतापर्यंत आपण कायदेशीर चौकटीतील गोष्टी पाहिल्या. चौकट मोडली गेली तर काय होते, याचे उदाहरण हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीचे. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळास पत्र लिहून कबुली दिली की, ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. येणे असलेल्या रकमाही ४९० कोटींनी फुगविलेल्या होत्या. रोख रक्कम ही चालू मालमत्तेतील सर्वांत निर्धोक बाब समजली जाते. चालू गुणोत्तर पाहणारा विश्लेषक साठ्यावर संशय घेतो, उधारीवर घेतो, बँक शिलकेवर सहसा घेत नाही. सत्यमच्या बाबतीत फसवणूक नेमकी तेथेच होती. गुणोत्तर काढणाऱ्याच्या हाती ताळेबंदातील आकडेच असतात, त्यांचा खरेखोटेपणा पाहणे हे लेखापरीक्षकाचे काम. म्हणून लेखापरीक्षकाचा अहवाल वगळून केवळ गुणोत्तर पाहणे धोक्याचे आहे.

गुणोत्तर कमी असणे हे दर वेळी दुखण्याचे लक्षण असतेच असेही नाही. अमेरिकेतील वॉलमार्ट या विख्यात दुकानदार कंपनीचे चालू गुणोत्तर अनेक वर्षे एकाच्या खाली राहिले आहे. गिऱ्हाईक रोख पैसे देते, माल झपाट्याने खपतो आणि पुरवठादारांस पैसे देण्यास मुदत असते. तेव्हा देणी पुढील विक्रीतून भागत राहतात. उलटपक्षी, गुणोत्तर तीन-चार असलेल्या कंपनीत न खपलेला माल कुजत पडला असण्याचाही संभव असतो. बँका आणि वित्तीय कंपन्या यांना हे गुणोत्तर लावूच नये. त्यांच्या मालमत्ता व देयतांच्या मुदतींचा मेळ निराळ्या तक्त्यांवरून पाहावा लागतो. तो मेळ बिघडला म्हणजे काय होते, हे २०१८ साली मुंबईच्या आयएल अँड एफएस समूहाने हप्ते चुकविले तेव्हा देशाने पाहिले. दीर्घ मुदतीच्या प्रकल्पांत गुंतलेला पैसा आणि जवळ आलेल्या परतफेडीच्या तारखा यांचा तो पेच होता.

माहिती कोठे मिळेल?

कंपनी कायदा, २०१३ च्या अनुसूची तीनमध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना ताळेबंदाच्या टिपांमध्ये चालू गुणोत्तर आणि अन्य काही गुणोत्तरे स्वतःच द्यावी लागतात. मागील वर्षाच्या मानाने २५ टक्क्यांहून अधिक फरक पडला असेल तर त्याचे कारणही द्यावे लागते. वाचकांनी या स्पष्टीकरणाचा रकाना प्रथम वाचावा, असे सुचवावेसे वाटते. पुष्कळदा तेथील एका ओळीत साऱ्या वर्षाची हकीकत आलेली असते. त्याच दुरुस्तीनुसार येणे आणि देणे या दोहोंचा मुदतवार तक्ता देणेही आवश्यक झाले आहे. सहा महिन्यांपेक्षा कमी, एक वर्षापर्यंत, दोन वर्षे, तीन वर्षे आणि त्याहून जुनी अशी येण्यांची विभागणी त्यात असते. तीन वर्षांहून जुने येणे चालू मालमत्तेत दिसत असेल तर त्याबद्दल विचारणा करण्यास हरकत नसावी. देण्यांच्या तक्त्यात सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी निराळी दाखवावी लागतात. २००६ च्या कायद्यानुसार अशा पुरवठादारांस करारात ठरलेल्या तारखेस, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागू होते. तालुक्याच्या गावी सुट्या भागांचे वर्कशॉप चालविणाऱ्या कारागिराने नोंदणी केलेली असेल तर त्याला ही तरतूद माहीत असणे हिताचे आहे.

सहकारी कारखान्यांना कंपनी कायदा लागू नाही. त्यांचे ताळेबंद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० व त्याखालील नियमांनुसार तयार होतात. वार्षिक अहवालात 'भांडवल व देणी' आणि 'मालमत्ता व येणी' अशा दोन बाजू असतात. त्यांत चालू आणि दीर्घ मुदतीच्या रकमा वेगळ्या काढून दाखविलेल्या नसतील तर वाचकास त्या परिशिष्टांवरून स्वतः निवडाव्या लागतात. हे काम वेळखाऊ असले तरी अवघड नाही. गेल्या तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून त्याच तारखेचे गुणोत्तर काढले, त्याखाली साखरसाठ्याचा दर, क्विंटलमागील तारण कर्ज आणि थकीत ऊसबिल हे तीन आकडे लिहिले, तर एका कागदावर पुरेसे चित्र उभे राहते. उच्च माध्यमिक वर्गांना पुस्तपालन शिकविणाऱ्या शिक्षकांना पाठ्यपुस्तकातील काल्पनिक उदाहरणांबरोबर आपल्याच परिसरातील कारखान्याचा असा तक्ता विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल.

अधिनियमाच्या कलम ३२ अन्वये सभासदास संस्थेचा शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक व सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त संस्थेच्या कार्यालयात कामकाजाच्या वेळेत विनामूल्य पाहता येते, तसेच संस्थेच्या पुस्तकांतील स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदीही तपासता येतात. कंपन्यांची वार्षिक हिशेबपत्रके वार्षिक सभेनंतर तीस दिवसांच्या आत कंपनी निबंधकाकडे दाखल करावी लागतात. निबंधकाकडील ही सार्वजनिक कागदपत्रे विहित शुल्क भरून कोणाही नागरिकास पाहता येतात. त्यासाठी त्या कंपनीचा भागधारक असण्याची आवश्यकता नाही.